शिट्टीच होत नाही, मग भाजी शिजली कधी?

गेल्या महिन्यात एका वाचक मैत्रिणीने विचारलं होतं की लेकाने इलेक्ट्रिक कुकर पाठवलाय, तो खोक्यातून काढू का तसाच माळ्यावर टाकू. मी म्हटलं काढा, वापरा, घाबरू नका. झालं, त्यानंतर जी पत्रं आणि मेसेज सुरू झाले ते अजून थांबले नाहीत, आणि सगळ्यांचं रडगाणं साधारण सारखंच: भात मस्त होतो, राजमा तर विचारूच नका, पण भाजी लावली की तिचा लगदा होतो. म्हणून या वेळी सगळं पान भाज्यांना दिलंय. डाळ-भातवाल्यांनी रागावू नका.

ताई, गॅसच्या कुकरला गवार दोन शिट्ट्यांत नीट होते. इलेक्ट्रिकला ५ मिनिटं लावली तर पार बुळबुळीत. मग ३ लावली, तरी तेच. कुकरच बिघडलाय का? (इंदिरानगर)

कुकर ठणठणीत आहे हो, बिघडलाय तो आपला हिशोब. माझंही हेच झालं होतं. पहिल्या आठवड्यात फ्लॉवर लावला, ३ मिनिटं, म्हटलं ३ मिनिटांत काय होणारे, आणि गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. तिथे शेजारच्या काकू भेटल्या. खाली आले तर कुकर आपोआप गरम ठेवायच्या मोडवर गेलेला आणि झाकण उघडलं तर तुरे नावाला उभे, चमचा लावला की आडवे. सासूबाईंनी वाटीत घेऊन बघितलं आणि म्हणाल्या, "हे काय, फ्लॉवरचं पिठलं केलंस का?"

त्यानंतर मी एक दिवस मोबाइलवर घड्याळ लावून कुकरसमोर उभी राहिले. ६ लिटरचा कुकर, तळाला दीड वाटी नळाचं पाणी, वर जाळी, जाळीवर अर्धा किलो फ्लॉवर. बटण दाबल्यापासून झाकणावरची पिन (आत पुरेसा दाब झाला की ती वर येते) वर यायला ८ मिनिटं ४० सेकंद लागले. आणि मशीनवरची ३ मिनिटं मोजायला सुरुवात होते ती त्यानंतर! म्हणजे त्याआधी शेवटची तीन-चार मिनिटं आत पाणी खळखळतंय, वाफ फिरतेय, भाजी शिजतेय, आणि ते कुठे दिसतच नाही. मग दिसणारी ३ मिनिटं. मग आपण वाफ सोडली नाही तर पिन आपणहून खाली पडेपर्यंत अजून दहा मिनिटं. आपल्याला वाटतं ३ मिनिटं शिजवली, भाजीच्या दृष्टीने सोळा-सतरा झालेली असतात. भाजी आकड्यात नाही, आकड्याच्या आधी आणि नंतर शिजते, एवढं डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपंय.

म्हणून फ्लॉवर, ब्रोकोली, सिमला मिरची, कोबीचे मोठे तुकडे यांना शून्य मिनिट लावायचं. हो, शून्य. बऱ्याच मशीनवर ० येतो, पिन वर आली की मशीन लगेच पीप करतं आणि आपण त्याच क्षणी वाफ सोडायची. ज्यांच्या मशीनवर ० येत नाही त्यांनी १ लावा आणि पिन वर आली की रद्दचं बटण दाबा, तेच झालं. गवार कोवळी असेल तर १, जून असेल तर २-३. शेवग्याच्या शेंगा २. डांगराच्या जाड फोडी २, दुधी २, आणि गिलके-दोडके तर मी लावतच नाही, ते कढईत झाकण ठेवलं की स्वतःच्याच पाण्यात होतात, त्यासाठी मशीन काढून परत धुवायचा उद्योग कोण करणार. मक्याचं कणीस ३. अख्खं बीट मध्यम असेल तर १५ ते २०, बटाटा १० ते १२, रताळं साधारण तेवढंच, आणि या तिघांना वाफ घाईने सोडायची गरज नाही, उलट हळूहळू निवू दिली तर सालं फाटत नाहीत.

दोन गोष्टी अजून. तळाला गार पाण्याऐवजी उकळतं पाणी टाका, म्हणजे पिन निम्म्या वेळात वर येते आणि ते न दिसणारं शिजणं कमी होतं. थंडीत हे जास्तच पाळा, निफाडला पारा उतरला की आपल्या नाशिकलाही टाकीतलं पाणी बर्फासारखं असतं, डिसेंबरात माझी पिन ११ मिनिटांनी वर आली होती आणि शून्यावर लावलेली भाजीसुद्धा जरा जास्तच झाली. आणि ते गरम ठेवायचं बटण आधीच बंद करून टाका, भाजीसाठी ते शत्रू आहे.

बाय द वे वाफ सोडताना वर काय आहे ते बघा. आमच्या ओट्यावर कपाट आहे, मी दीड महिना त्याच्याखालीच वाफ सोडत होते, कपाटाच्या कडेचं सनमायका फुगून वर आलं. आता कुकर खिडकीपाशी असतो. आणि व्हॉल्व्ह चमच्याने ढकला, हात लांब, तोंड बाजूला.

आमच्या आईंना शिट्टी ऐकल्याशिवाय जेवण झाल्यासारखंच वाटत नाही. या कुकरला शिट्टी का नाही? (नाशिकरोड)

आमच्याकडेही हाच सीन आहे! सासूबाई सोफ्यावर बसून दर दोन मिनिटांनी "अगं झाली का शिट्टी" विचारायच्या.

गॅसच्या कुकरला शिट्टी का होते, तर खाली गॅस पेटताच असतो, त्याला आत किती दाब झालाय ते कळत नाही, मग जास्तीची वाफ त्या वजनाला उचलून बाहेर पडते. वाफ अडवायला वर वजन ठेवायचं ही युक्ती जुनी आहे, डेनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनला असलं बंद भांडं दाखवलं होतं, हाडंसुद्धा मऊ करणारं, आणि त्याच्या भांड्यावरही वजनाचा व्हॉल्व्ह होता. इलेक्ट्रिकमध्ये आत सेन्सर असतो, दाब पुरेसा झाला की तो स्वतःच वीज बंद-चालू करत राहतो, वाफ बाहेर फेकायची वेळच येत नाही. घरोघरी गाजलेलं इन्स्टंट पॉट नावाचं मशीन २०१० मध्ये कॅनडातून आलं, त्याआधी चीनमध्ये असे कुकर होतेच.

शिट्टी नाही याचा एक परिणाम भाजीवर होतो तो कुणी सांगत नाही. दर शिट्टीला थोडं पाणी वाफ होऊन उडत असतं, इथे ते उडत नाही. म्हणजे गॅसच्या कुकरच्या अंदाजाने पाणी घातलं की रस्सा पांचट. दुधी, कोबी, टोमॅटो यांच्यात मुळातच नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं, ते सगळं भांड्यातच उतरतं. तरी तळाला अगदी कोरडं चालत नाही, ६ लिटरच्या मशीनला साधारण पाव लिटर पाणी हवंच, नाहीतर वाफच तयार होणार नाही. पातळ झालंच तर झाकण काढून परतायच्या मोडवर पाच मिनिटं आटवा. आणि आईंना सांगा, पिन वर येताना बारीक "टक" होतं, कान द्या.

भरली वांगी लावली की स्क्रीनवर "बर्न" येतं. तीनदा झालं. मसाला फेकून द्यावा लागला. (गंगापूर रोड)

फेकलात? अहो वरचा तर चांगला असतो!

काय होतं की भांड्याच्या बुडाखाली तापमान बघणारा सेन्सर आहे. तळाला घट्ट वाटण चिकटलं की तिथली उष्णता वर जात नाही, बूड प्रमाणाबाहेर तापतं आणि मशीन ओरडतं. आणि आपली भरली वांगी म्हणजे काय, दाण्याचं कूट, भाजलेलं खोबरं, कांदा, काळा मसाला, गूळ, म्हणजे तळाला चिकटणाऱ्या सगळ्या मंडळींचं संमेलनच. इन्स्टंट पॉटच्या पुस्तिकेत काही त्याचा विचार केलेला नाही.

मी असं करते. परतायच्या मोडवर तेल, मोहरी, जिरं, कांदा, आणि वाटणाचा फक्त एक चमचा. कांदा लाल झाला की मशीन बंद करून एक वाटी गरम पाणी ओतायचं आणि लाकडी उलथन्याने तळ खसाखसा खरवडायचा, तळावरून बोट फिरवल्यासारखं उलथनं गुळगुळीत फिरलं पाहिजे, कुठे अडकलं तर तिथेच बर्न येणार समजा. मग भरलेली वांगी देठ वर करून त्या पाण्यात बसवायची, उभी, एकमेकांना टेकून. उरलेला मसाला वांग्यांच्या डोक्यावर ठेवायचा, ढवळायचं नाही. हा सगळ्यात अवघड भाग आहे, हात शिवशिवतो पण ढवळायचं नाही. टोमॅटो घालत असाल तर तोही वरच. ३ मिनिटं, ५ मिनिटं थांबून वाफ सोडा, आणि आता ढवळा, आणि रस्सा हवा तेवढा आटवा. पंचवटीच्या बाजारातली ती काटेरी, छोटी जांभळी वांगी असतील तर २ पुरतात.

आणि तरी बर्न आलंच तर घाबरायचं नाही, रद्द करा, वाफ सोडा, उघडा, तळ खरवडा, अर्धी वाटी पाणी, परत लावा. काळं झालं असेल तर मात्र वरचं वर काढून घ्या आणि तळाला हात लावू नका.

खरं सांगू का, सुकी भरली वांगी हवी असतील तर कढईच. कुकरमध्ये रश्शाची होतात आणि ती छान होतात, पण ती वेगळी भाजी आहे.

पालक आणि गवारीचा हिरवा रंग जातो, शेवाळी होतो. चिमूटभर सोडा घालू का? (पाथर्डी फाटा)

सोडा घातला तर रंग राहील, पण भाजी गिळगिळीत होईल आणि क जीवनसत्त्व जाईल. नको.

रंग का जातो बघा. पानातलं हरितद्रव्य म्हणजे क्लोरोफिल, त्याच्या मधोमध मॅग्नेशियम असतं. भाजी तापली की तिच्यातलीच आंबट द्रव्यं बाहेर येतात आणि ते मॅग्नेशियम हुसकावून लावतात, मग उरतो तो खाकी रंग. उघड्या पातेल्यात यातली काही आम्लं वाफेबरोबर उडून जातात, बंद कुकरमध्ये ती झाकणाला लागून परत भाजीवरच ठिबकतात. शिवाय वेळ. पहिल्या काही मिनिटांत रंग टिकतो, मग झपाट्याने जातो. म्हणून पालक बंद कुकरमध्ये घालूच नका, डाळ झाली की झाकण उघडून गरम डाळीत चिरलेला पालक टाका, दोन मिनिटांत मरतो आणि हिरवागार राहतो. मेथी, चवळई, शेपू, सगळ्यांना हेच. गवारीला १ मिनिट, वाफ लगेच सोडायची, आणि टोमॅटो, आमसूल, चिंच काय असेल ते नंतर.

आंबटाचा अजून एक त्रास आहे. आंबट पाण्यात भाजी आणि डाळ दोन्ही लवकर मऊ होत नाहीत, बटाट्याच्या रश्शात सुरुवातीलाच भरपूर टोमॅटो घातला तर फोडी करकरीत राहतात ते त्यामुळेच. सांबारात चिंच शेवटी घालतात ती उगाच नाही. अंबाडी करताना तर हमखास फसतात लोक, अंबाडी आंबट, तिच्यात डाळ आणि कण्या एकत्र लावल्या तर अंबाडीचा चिखल आणि डाळ तशीच टणक. वेगवेगळं शिजवा, मग घोटा. अंबाडी मात्र खाकी होणारच, तिच्या बाबतीत रंगाचं दुःख करू नका, वरून लसणाची फोडणी ओतल्यावर रंग बघतो कोण.

आपलं नाशिक उंचावर आहे म्हणतात, मग वेळ वाढवायची का? माझी मुलगी त्र्यंबकला असते, तिचा कुकर हळू शिजवतो असं तिचं म्हणणं आहे. (मखमलाबाद, वय ७१)

काका, प्रश्न आवडला. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी १०० ऐवजी साधारण ९८ अंशांना उकळतं. उंचीसाठी वेळ वाढवायचा सर्वसाधारण नियम २००० फुटांच्या वर लागू होतो, पुढच्या दर १००० फुटांना ५ टक्के. आपण २००० फुटांच्या जेमतेम आत. त्र्यंबक थोडं वर आहे, पण तिथेही फरक पडला तर १० मिनिटांच्या बटाट्यात अर्ध्या मिनिटाचा, तो मुलीला कळणारसुद्धा नाही.

तिचं म्हणणं खोटं नाही, कारण वेगळं असणार. गॅसच्या कुकरमध्ये दाब साधारण दर चौरस इंचाला १५ पौंड, आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास. बहुतेक इलेक्ट्रिक कुकर १० ते १२ पौंडांवर चालतात, तिथे ११५-११७ अंश. त्यामुळे राजमा, छोले, हरभरा यांना थोडा जास्त वेळ लागतोच. घरी बोअरचं जड पाणी असेल तर आणखी, त्यातला चुना कडधान्याची सालं घट्ट करतो. तिला म्हणावं एकदा पिण्याच्या आरओ फिल्टरचं पाणी वापरून बघ.

सिडकोत तिघं पोरं राहतो, एकच मशीन. डाळ, बटाटे, भाजी एकदम लावता येईल का? आणि रात्री स्लो कुकवर राजमा ठेवून झोपलं तर? (सिडको)

आधी दुसऱ्याचं उत्तर, नाही. राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, ते निकामी व्हायला भिजवलेला राजमा खळाखळा १० मिनिटं उकळावा लागतो, आणि स्लो कुक मोड तेवढा तापेलच असं नाही. अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या होतात. रात्री भिजवा, सकाळी प्रेशरवर लावा.

आता पहिलं. डाळ आणि बटाटे जमतात. तळाला दीड वाटी पाणी, जाळी, तिच्यावर स्टीलच्या डब्यात अर्धा तास भिजवलेली तूरडाळ, डब्याभोवती मध्यम बटाटे. १० मिनिटं, मग १० मिनिटं आपोआप निवू द्या. डाळ असताना वाफ एकदम सोडू नका रे, फेस व्हॉल्व्हमधून भिंतीवर जातो आणि मग घरमालकाशी बोलावं लागतं. भाजी यात टाकायची नाही. डाळ-बटाटे बाहेर काढा, त्याच गरम पाण्यात लगेच फ्लॉवर नाहीतर गवार जाळीवर टाका, झाकण लावा. सगळं आधीच तापलेलं असतं त्यामुळे पिन दोन-तीन मिनिटांत वर येते. शून्यावर फ्लॉवर, एकावर गवार. एकीकडे गॅस असेल तर फोडणी, नाहीतर त्याच भांड्यातलं पाणी ओतून परतायच्या मोडवर फोडणी. तिघांत एकाने भांडी घासायची हे आधी ठरवा.

रबरी रिंगला मसाल्याचा वास बसलाय, खिरीलाही येतो. (सातपूर)

सिलिकॉन वास धरतंच. व्हिनेगरच्या पाण्यात उकळून, उन्हात ठेवून कमी होतो, जात नाही. दुसरी रिंग आणा, एक तिखटाची, एक गोडाची. झाकण लावून ठेवू नका, उलटं ठेवा.

लाइट गेली तर? इन्व्हर्टरवर चालेल का, आणि बिल किती येतं? (अंबड)

६ लिटरचं मशीन साधारण १००० वॅटचं असतं, घरातले नेहमीचे छोटे इन्व्हर्टर त्याला पुरत नाहीत, प्रयत्नही करू नका. बिलाचं म्हणाल तर पूर्ण वेळ वीज ओढत नाही, पिन वर आली की अधूनमधूनच. एका भाजीला पाव युनिटच्या आत-बाहेर धरा. मल्टीप्लगमध्ये मिक्सर-फ्रिजबरोबर लावू नका, भिंतीतल्या अर्थिंगच्या सॉकेटला लावा. लाइट मधेच गेली तर झाकण उघडायची घाई नको, भाजी आतल्या उष्णतेवर होऊनही जाते.

सुरण आणि कर्टुली, दोन्ही कुकरमध्ये कशी करायची? (पंचवटी)

सुरण हो. त्याच्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, घसा खाजतो तो त्याने, म्हणून हाताला तेल लावून चिरा, फोडी मोठ्या ठेवा आणि पाण्यात चार आमसुलं टाका. वर म्हटलं आंबट नंतर घाला, सुरण त्याला अपवाद, इथे आंबटच पाहिजे, आणि म्हणून वेळही ५-६ मिनिटं. ते पाणी ओतून द्यायचं, रश्शात वापरायचं नाही.

कर्टुली नाही. मीही एकदा हा गाढवपणा करणार होते. पावसाळ्यात बुधवारच्या बाजारात गोदाकाठी पेठ तालुक्यातून आलेल्या एक मावशी टोपलीत कर्टुली घेऊन बसल्या होत्या, ताजी, वर अजून माती. वजन करता करता त्यांनी विचारलं, कशी करतीस गं? मी मोठ्या ऐटीत सांगितलं, आमच्याकडे नवीन कुकर आहे, एका मिनिटात होतील. मावशींनी तराजू तसाच हातात धरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कुकरात? मग कर्टुली कशाला नेती, भोपळा ने की बाई."